दाराखालचा पाइप

"चार भोकं बरोबर आली, पाचवं अर्धं बोट बाहेर आहे," मी गाडीखालून ओरडलो.

"स्वस्तातला माल आहे मिस्त्री, चार जुळली हेच नशीब. कानस घ्या आणि मोठं करा," वरून शिंतोड्या म्हणाला आणि आपणच हसला.

शिंतोड्या म्हणजे दुकानाचा मालक. बाकी सगळे त्याला शेठ म्हणतात. सोळा वर्षांपूर्वी तो माझ्या हाताखाली वेल्डिंग शिकायला आला, तेव्हा त्याच्या कांडीतून कामापेक्षा शिंतोडेच जास्त उडायचे, म्हणून मी हे नाव ठेवलं. वेल्डिंगला त्याचा हात शेवटपर्यंत बसला नाही, धंद्यात मात्र डोकं छान बसलं. आज दुकान त्याचं आणि मी त्याच्याकडे कामाला. मला त्याचं वाईट वाटत नाही. सगळेच मिस्त्री झाले तर मिस्त्रींना पगार कोण देणार?

गाडी गुरांच्या डॉक्टरबाईंची होती. उंच, चारही चाकांना ओढ असलेली, आणि खरचटल्याशिवाय एक वीत जागा राहिलेली नाही अशी. बाई डोंगरातल्या वस्त्यांवर जातात. तिथे रस्ता म्हणजे आटलेल्या ओढ्याचं पात्र. दगडावरून चाक घसरलं की गाडी कुशीवर बसते आणि सगळ्यात आधी दाराखालचा पत्रा चेपतो. तो वाचावा म्हणून दोन्ही बाजूंना दारांखाली लोखंडी पाइप बसवतात. त्याला आम्ही साइड गार्ड म्हणतो.

खरा साइड गार्ड कसा असतो ते मला विचारा, कारण या भागात ते सांगायचा हक्क माझाच आहे. जाड पाइप, त्याला जाड प्लेटा, आणि त्या प्लेटा थेट चॅसीला वेल्ड केलेल्या. चॅसी म्हणजे गाडीचा कणा. सगळं वजन कण्यावर जातं, पत्र्याला झळ लागत नाही. असा गार्ड दगडावर आपटला तर दगडाने आपली काळजी करावी.

आणि हा डब्यातून आलेला गार्ड? पातळ पाइप, वर काळा चकचकीत रंग. पाच बोल्ट, आणि तेही चॅसीत नाही, दाराखालच्या त्याच पत्र्यात. म्हणजे ज्याला वाचवायला आला त्याच्याच गळ्यात पडला. बडा घर पोकळ वासा.

डॉक्टरबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी वाकून विचारलं, "मिस्त्री, टिकेल ना हे? मला वाटलं होतं तुम्हीच बनवून द्याल. त्या सर्वेवाल्यांच्या गाडीला दिलंत तसं."

"ते आता कोण बनवतं बाई? जड होतं, गाडी तेल जास्त खाते. हे हलकं. काढताही येतं, घालताही येतं. हल्ली सगळे हेच घेतात."

"तुम्ही म्हणता म्हणजे झालं," बाई म्हणाल्या.

बत्तीस वर्षांत मी इतकं सफाईदार खोटं कधी बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर मी पुन्हा गाडीखाली गेलो आणि उगाचच बराच वेळ कानस घासत बसलो.

खोटं बोलायचं कारण सांगतो. दीड वर्षापूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांसमोर एक डाग आला. काळा नव्हे, धुरकट, बरोबर मधोमध. कडेचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले, दिवा मारून बघितला आणि म्हणाले, पडद्याचा मधला भाग जळलाय, तो पुन्हा येत नाही, चष्म्याचा उपयोग नाही. मग विचारलं, "वेल्डिंग करताना काळी काच न लावता किती वेळा काम केलंत?" या प्रश्नाला कोणताही वेल्डर खरं उत्तर देत नाही. ठिपक्याएवढा टाका मारायला काच कोण उचलतो? एका क्षणाचं तर काम. असे क्षण मी बत्तीस वर्षं वेचत होतो.

बोल्ट आवळायला डोळे लागत नाहीत. भोक बोटाला कळतं, आटा पान्याला कळतो. वेल्डिंगचं तसं नाही. वितळलेल्या लोखंडाचा तांदळाएवढा थेंब असतो, त्याच्यावर नजर ठेवून तो सांध्यातून पुढे न्यायचा असतो. मला तो थेंबच दिसेनासा झाला.

म्हणून हे डबे. जो येईल त्याला मी डबा घ्यायला लावत होतो. इतकी वर्षं ज्यांना शिव्या घातल्या त्याच डब्यांनी मला दीड वर्ष दुकानात टिकवून धरलं होतं. शिंतोड्याला वाटायचं, म्हातारा उशिरा का होईना, शहाणा झाला.

घरी हे फक्त बायकोला ठाऊक होतं. ती शाळेचे गणवेश शिवते. त्या दिवशी संध्याकाळी मी हातपाय धुऊन बसलो तर मशीन न थांबवता तिने विचारलं, "सांगितलं का?"

"नाही."

"आज कोणाची गाडी होती?"

"डॉक्टरबाईंची. गुरांच्या."

मशीन थांबलं. "त्यांनाही डबाच?"

मी टॉवेलने पुन्हा एकदा हात पुसले.

"अहो, त्या बाई कुठे कुठे जातात. एकट्या जातात."

"गाडी काय पडून जाणार आहे? फार तर पत्रा चेपेल."

"फार तर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि इकडे बघून बोला ना. भिंतीकडे काय बघताय?"

"भिंतीकडे बघितलं की तू दिसतेस," मी म्हणालो. खरंच तसं होतं. तिच्याकडे सरळ बघितलं की तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धूर, दोन बाजूंना दोन कान. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं की कडेला तिचं नाक, डोळे, कपाळ, सगळं जागेवर यायचं.

तिने सुईखालचं कापड सरळ केलं. मग म्हणाली, "म्हणजे लग्नानंतर इतकी वर्षं माझ्याकडे बघत होता तेव्हा भिंत दिसायची वाटतं." आणि हसली. मलाही हसू आलं. असं हसणं आमच्या घरात होतं म्हणून दीड वर्ष निघालं.

"शेठना सांगून टाका," ती पुन्हा म्हणाली. "ते काय हाकलून देणार आहेत?"

"हाकलणार नाही, तेच तर वाईट आहे. स्टूल देईल. बसा मिस्त्री, म्हणेल. गिऱ्हाइकांना सांगेल, हे आमचे गुरू. मी त्या स्टुलावर बसून काय करू? येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करू?"

"पण..."

"झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ कधीतरी उघडते," ती दोरा तोडत म्हणाली. "आपण उघडलेली बरी. दुसऱ्याने पिरगळून उघडली की बोटं मोडतात."

बायकांचं ऐकावं असं मी नेहमी दुसऱ्यांना सांगत आलो आहे.

सातव्या आठवड्यात डॉक्टरबाईंची गाडी एका ट्रॅक्टरला दोर बांधून दुकानात आली. मी आवाजावरून ओळखली. जवळ जाऊन हात लावला तर ड्रायव्हरच्या बाजूचा पाइप आत वळून पत्र्यात रुतला होता. पत्रा वर उचलला गेला होता आणि दार चौकटीत घट्ट अडकलं होतं. मागच्या चाकाला पाइपाचं टोक लागून टायर फाटलं होतं. बाई दुसऱ्या दाराने उतरल्या. कपाळाला पट्टी होती.

"काय झालं बाई?" शिंतोड्याने विचारलं.

"होणार काय? ओढ्यात चाक घसरलं. त्या पाइपावर टेकली गाडी, आणि तो कागदासारखा दुमडला. टायर गेलं, चाक फिरेना. फोन लागत नव्हता. पाच तास बसून होते." त्या सहज सांगत होत्या, त्यांना रडगाणं येत नाही. "वरच्या वस्तीवर एक गाय अडली होती. दुसरं कोणी जाणारं नव्हतं. मी पायी पोचले तोवर गायही गेली आणि वासरूही. गाईवाली म्हातारी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, बाई, तुम्हाला लागलंय का?"

शिंतोड्या "अरेरे" म्हणाला. मी वाकून त्या दुमडलेल्या पाइपाला हात लावून राहिलो. आतून पाइप केवढा पातळ होता ते तुटलेल्या कडेला कळत होतं.

"चूक माझीच," बाई म्हणाल्या. "गाडी कुठे न्यायची ते मला माहीत होतं. स्वस्त आणि हलकं बघून हुरळले. मिस्त्रींनी सगळ्यांना चालतं ते सांगितलं. मी आग्रह धरायला हवा होता." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता मी काही ऐकणार नाही. तुमच्या हातचं बनवून द्या. कितीही जड होऊ दे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. वाक्य तोंडात तयार होतं, नुसतं बाहेर यायचं होतं. पण शिंतोड्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "होऊन जाऊ दे मिस्त्री! किती दिवसांत तुमचा हात बघितला नाही. बाजारातली पोरं डबे बसवतात आणि स्वतःला मिस्त्री म्हणवतात."

आणि मी म्हणालो, "दोन दिवस द्या."

आता वाटतं, ते मी म्हणालोच कसं. पण त्या क्षणी मला खरंच वाटलं होतं की जमेल. बत्तीस वर्षांचा हात आहे, तो काय डोळ्यांना विचारून चालतो? गायीचं ऋण, बाईंच्या कपाळाची पट्टी, सगळं एका चांगल्या कामाने फिटेल असंही वाटलं. माणूस बुडायला लागला की हिशेब असेच करतो.

पहिला दिवस फार छान गेला. मापं मी अंगठ्याने घेतली. पाइप कापला, टोकं घासली, प्लेटा कापल्या. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. प्लेट चॅसीला लावून बघितली तर मधे कागद जायला जागा नव्हती. लोखंड हातात घेतलं की मला कधी आंधळं वाटत नाही. डाव्या बाजूच्या तिन्ही प्लेटा मी टाके मारून जागेवर उभ्या केल्या. बोट टेकवायचं, बोटाशी कांडी न्यायची, बोट काढायचं, टाका. प्रत्येक प्लेटला दोन टाके.

प्रश्न पुढच्या लांब वेल्डिंगचा होता. त्यावर मी रात्रभर विचार करून युक्ती काढली होती. एक लांब सरळ अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टी, चॅसीला क्लॅम्पने घट्ट बांधायचा, तिन्ही प्लेटांच्या कडांना समांतर. मग कांडी त्या अँगलला टेकवत नुसती ओढत न्यायची. आंधळ्याने भिंतीला हात लावून चालावं तसं. नजर नको, थेंब नको. आवाजावर लक्ष ठेवायचं. वेल्डिंग बरोबर बसत असेल तर तळणासारखा एकसारखा चर्र आवाज येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीखाली आडवा झालो. बोटांनी प्लेटची कड शोधली, तिच्यापासून मोजून अँगल बांधला, कांडी लावली. आवाज असा सुरेख आला की अंगावर काटा आला. एक प्लेट, दुसरी, तिसरी.  हातोडीने वरची खपली उडवली, तारेच्या ब्रशने घासलं. बोट फिरवलं तर वेल्ड कसा, एकासारखा एक, कुठे उंच नाही, कुठे खोल नाही. दीड वर्षानंतर मी गाडीखाली पडल्या पडल्या गुणगुणलो.

दुपारी डॉक्टरबाई आल्या. गुडघ्यावर बसून त्यांनी खाली डोकावलं.

"काय सुबक आहे हो!" त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं जनावरांना टाके घालते, माझे असे येत नाहीत."

मला त्यांचा चेहरा दिसला नाही, पण आवाजात खोटं काही नव्हतं. मी म्हणालो, "जनावर हलतं बाई. लोखंड हलत नाही." आणि त्यांना दाखवायला म्हणून पुन्हा एकदा त्या वेल्डवरून बोट फिरवलं. बोट शेवटाला पोचलं आणि सहज पुढे गेलं, प्लेटच्या कडेवर.

तिथे नख आत गेलं.

प्लेट आणि चॅसी यांच्यामधला सांधा उघडा होता. मी दुसरीकडे बघितलं, म्हणजे बोटाने. तिथेही उघडा. तिसरीकडेही.

मग कळलं. चॅसी एकसंध नसते. कारखान्यात दोन पत्रे एकावर एक ठेवून जोडतात, त्याची एक कड लांबवर गेलेली असते, पायरीसारखी. माझ्या प्लेटांच्या अगदी शेजारून जाणारी. माझ्या बोटाने ती कड प्लेटची समजली आणि अँगल तिला धरून बांधला. तीन जागी मी आयुष्यातलं सगळ्यात सुरेख वेल्डिंग केलं होतं, आणि ते कारखान्याने वीस वर्षांपूर्वीच जोडून ठेवलेल्या सांध्यावर केलं होतं. प्लेटा नुसत्या दोन दोन टाक्यांवर लटकत होत्या.

बाई उठून हात झटकत होत्या. "दुसरी बाजू झाली की उद्या घेऊन जाऊ ना मग? परवा वर जायचंय मला."

त्यांना काही कळलं नव्हतं. शिंतोड्या गल्ल्यावर फोनवर बोलत होता. मला अजून अख्खी दुपार होती. अँगल सोडवून बरोबर जागी बांधता आला असता, पुन्हा वेल्ड मारता आला असता, वर काळा रंग दिला असता. या वेळी सांध्यावर बसला की नाही तेही बोटाने कळलं असतं. पण बोटाला वरचं कळतं. लोखंड आत मुरलंय की नुसतं वर बसलंय ते थेंब बघणाऱ्यालाच कळतं. आणि परवा त्या पुन्हा त्याच ओढ्यातून जाणार होत्या.

मी गाडीखालून बाहेर आलो. 

"बाई, थांबा," मी म्हणालो. "हे बसलेलं नाही."

"म्हणजे?"

मी शिंतोड्याला हाक मारली. तो फोन कानाला तसाच धरून आला. "खाली जाऊन बघ," मी म्हणालो. तो टॉर्च घेऊन गाडीखाली गेला. त्याने टॉर्च एकेका प्लेटवर मारला. मग त्याने हातोडी मागितली. मी दिली. त्याने एक घाव घातला, फार जोराचा नव्हता, आणि मधली प्लेट खणकन जमिनीवर पडली.

"मिस्त्री," तो खालूनच म्हणाला, "हे तुम्ही..."

"मला दिसत नाही."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. मधलं दिसत नाही. येणारही नाही."

तो बाहेर आला. त्याने दीड वर्ष मागे मोजलं असावं, कारण हळूच म्हणाला, "म्हणून ते डबे."   

बाईंनी विचारलं, "तेव्हाही तुम्हाला ठाऊक होतं? तो डब्यातला बसवलात तेव्हा? हे टिकणार नाही म्हणून?"

मी त्यांच्या खांद्याकडे बघितलं, चेहरा दिसावा म्हणून. दिसला. न दिसता तर बरं झालं असतं.

"हो," मी म्हणालो.

"एवढंच सांगायचं होतंत. मी दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं असतं."

 माफी मागायला तोंड उघडलं, पण ती म्हातारी आठवली, जिला मी कधी बघितलं नाही आणि जिने बाईंना लागलंय का म्हणून विचारलं. माफी मागायची ती तिची, आणि तिथवर मी पोचणार नव्हतो.

बाई शिंतोड्याकडे वळल्या. "किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं. त्याला विचारलं, मला नाही. आणि त्या बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

"मिस्त्री, तुम्ही बसा जरा," शिंतोड्या म्हणाला आणि त्याने खरंच इकडेतिकडे बघून स्टूल पुढे ओढलं. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

"प्लेट कोण धरेल?" मी विचारलं.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं.  मग त्याने शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या, माझी काच उचलली, कांडीचा चिमटा घेतला. तो कित्येक वर्षांत गाडीखाली असा आडवा झाला नव्हता. पोट मधे येत होतं. मी त्याच्या शेजारी आडवा झालो आणि प्लेट दोन्ही हातांनी चॅसीवर दाबून धरली.

"थोडी वर," तो म्हणाला. मी वर घेतली. "अजून जरा. बास."

धरणाऱ्याजवळ काच नसते. म्हणून कांडी लावायच्या आधी वेल्डरने त्याला सांगायचं असतं. तो शिकत होता तेव्हा दिवसातून शंभर वेळा मी त्याला सांगायचो, आणि तो विसरला तर थोबाडीत द्यायचो.

त्याने काच तोंडासमोर धरली. कांडी लोखंडापाशी नेली आणि तशीच अडवली. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"डोळे मिटा, मिस्त्री," तो म्हणाला.

मी मिटले.